अडतंय कुठं, ते आधी पाहू

एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ३६, राहणार कोल्हापूर. लग्नाला १३ वर्षं झाली, दहा आणि पाच वर्षांची दोन मुलं. नवरा ४१ वर्षांचा, उद्यमनगरात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. घर दोन खोल्यांचं, सासूबाई सोबत राहतात. दीड वर्षापासून संबंधाच्या वेळी नवऱ्याला ताठरता येत नाही, आली तरी टिकत नाही. आधी हे कधीमधी व्हायचं. गेले सहा महिने त्यांनी जवळ येणंच सोडलंय. रात्री उशिरापर्यंत वर्कशॉपमध्ये थांबतात, घरी आले की मोबाइल घेऊन पडून राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली होती, गोळ्या सुरू झाल्या, पण ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्यांनी त्या मध्येच सोडल्या. मावा चालू आहे. तरुणपणी ते तालमीत होते, आणि ‘त्या वयात हातानं केलेल्या चुकांची ही फळं’ असं त्यांच्या मनानं घेतलंय. एका मित्रानं रस्त्याकडेच्या तंबूतून चूर्ण आणि एक निळी गोळी आणून दिली आहे. या ताई लिहितात : ‘पहाटे कधी कधी त्यांना ताठरता असते, मला जाणवतं. म्हणजे शरीर ठीक आहे. मग माझ्याजवळ आल्यावरच का नाही? माझं वय दिसायला लागलं का? की बाहेर कुणी आहे? सरळ विचारू, का गप्प बसू?’ आणि पत्र संपता संपता एक ओळ : ‘माझं म्हणाल तर मला आधीपासूनच फारसं काही वाटत नाही, कधी दुखतंही, पण बायकांचं तसंच असतं ना.’

ताई,

तुमचं पत्र साडेतीन पानांचं आहे. त्यातली साडेतीन पानं नवऱ्याबद्दल आणि एक ओळ स्वतःबद्दल. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. तिच्याकडं येणारच आहे, पण तुम्ही ज्या काळजीनं लिहायला बसलात तिचं आधी बोलू.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पुरुषाचं शरीर एक तर ठीक असतं नाही तर बिघडलेलं, आणि ठीक असूनही बायकोजवळ काही होत नसेल तर त्याला ती नको असते. तुमच्या मिस्टरांचाही हिशेब असाच आहे, फक्त उत्तर वेगळं : ‘माझ्यात आता काही राहिलं नाही.’ त्यांची लेथ बंद पडली तर ते असं म्हणतात का? ते आधी सप्लाय बघतात, मग मोटर, मग पट्टा, मग बेअरिंग. अडलंय कुठं ते सापडेपर्यंत मशीन भंगारात काढत नाहीत. इथंही तसंच बघायचं आहे, कारण शरीरसंबंध ही एका क्षणाची गोष्ट नाही. त्याला पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवरची अडचण वेगळी असते.

या पायऱ्या पहिल्यांदा नीट मोजून मांडल्या त्या अमेरिकेतल्या विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या दोघांनी, १९६६ साली. प्रयोगशाळेत शेकडो स्त्री-पुरुषांच्या हृदयाचे ठोके, श्वास, रक्तप्रवाह तपासून त्यांनी चार टप्पे सांगितले : उत्तेजना, ती वर चढून टिकून राहण्याचा काळ, परमोच्च सुखाचा क्षण, आणि मग शरीराचं हळूहळू निवळणं. पुढं १९७०च्या दशकात हेलन सिंगर कॅप्लन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी यातली एक उणीव दाखवली. शरीर तापण्याआधी मनात काही यायला लागतं, ती इच्छा. उपचाराला येणाऱ्या किती तरी जणांचं घोडं तिथंच अडलेलं असतं. त्यामुळं आज डॉक्टर विचारतात ते असं : इच्छा होते का? इच्छा झाल्यावर शरीर साथ देतं का? शेवटाला पोचता येतं का, की फार लवकर पोचता, की पोचतच नाही? आणि कुठल्याही टप्प्यावर दुखतं का?

हे प्रश्न तुमच्या मिस्टरांना लावून बघा. दीड वर्षापूर्वी इच्छा होती, ते स्वतःहून जवळ येत होते. अडलं ते दुसऱ्या पायरीवर, ताठरता टिकण्यात. जवळ न येणं हे गेल्या सहा महिन्यांतलं, म्हणजे नंतरचं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. तुमच्यावरून मन उडालं असतं तर आधी ओढ गेली असती. इथं आधी शरीर अडखळलं आणि मग त्या अडखळण्याच्या धास्तीनं माणूस त्या वाटेलाच जाईनासा झाला. परीक्षेत दोनदा नापास झालेला पोरगा तिसऱ्यांदा फॉर्मच भरत नाही, तसं. बाहेर कुणी आहे का, याचं उत्तर मी इथं बसून देऊ शकत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यातलं काहीही त्या दिशेला बोट दाखवत नाही. उशिरापर्यंत वर्कशॉपमध्ये बसणं, मोबाइलमध्ये तोंड घालणं, ही लपणाऱ्या माणसाची लक्षणं आहेत हे खरं. ते लपतायत ते बहुतेक रात्रीच्या अंथरुणाला.

आता तुमच्या मनाला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट, पहाटेची. झोपेत पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. स्वप्नं पडणाऱ्या झोपेच्या टप्प्यात हे होतं, आणि त्यासाठी मनात कुणी असावं लागत नाही. पहाटे जाग येते तेव्हा शेवटचा टप्पा नुकताच सरलेला असतो, म्हणून ती तुम्हाला जाणवते. तेव्हा ‘पहाटे होतं आणि माझ्याजवळ नाही, म्हणजे मी नको आहे’ हा तुमचा निष्कर्ष चुकीचा आहे. झोपेत माणूस स्वतःकडं बघत नसतो, एवढाच त्याचा अर्थ. जागेपणी तुमच्याजवळ आल्यावर त्यांचं निम्मं लक्ष तुमच्याकडं आणि निम्मं ‘आज होईल का’ याकडं असतं. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी याला स्वतःचाच प्रेक्षक होणं म्हटलंय. शरीराच्या बाजूनं बघितलं तर ताठरता ही निवांतपणाची क्रिया आहे. मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू सैल पडतात, रक्त आत येतं आणि कोंडून राहतं. धास्ती वाटली की अॅड्रेनॅलिन वाढतं आणि तेच स्नायू आवळले जातात. म्हणजे जितकी काळजी घट्ट, तितकी ताठरता सैल. जिद्दीनं ती येत नाही, आणि जिद्द हाच तर तालमीत वाढलेल्या माणसाचा सगळ्या अडचणींवरचा उपाय!

पण ‘म्हणजे शरीर ठीक आहे’ हे तुमचं वाक्यही मी तसंच सोडणार नाही. ‘कधी कधी’ असं तुम्ही लिहिलंय. पूर्वी रोज आणि आता कधी कधी असेल, तर कारण नुसतं मनात नाही. सोडून दिलेली शुगरची गोळी मला त्या तंबूतल्या चूर्णाइतकीच घाबरवते. वाढलेली साखर वर्षानुवर्षं मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करते आणि त्यातलं काहीच दुखत नाही, म्हणून माणसाला ‘बरं’ वाटत राहतं. लिंगातल्या रक्तवाहिन्या जेमतेम एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चार. नळ्या चोंदायला लागल्या की आधी बारीक नळी बोलते. त्यामुळं चाळिशीच्या आसपास ताठरतेची तक्रार सुरू होणं ही काही पुरुषांत हृदयविकाराची आधी आलेली वर्दी असते, कधी दोन-तीन वर्षं आधीची. वर मावा आहेच. तंबाखू त्याच नळ्या आवळते. ताई, तुमच्या मिस्टरांना डॉक्टरकडं न्यायचं मुख्य कारण अंथरूण नाही, त्यांचं काळीज आहे. हे त्यांना असंच सांगितलंत तरी चालेल. ‘कमजोरी’ दाखवायला जाणं त्यांना जड जाईल, शुगर दाखवायला जाणं तेवढं जड नाही.

निळ्या गोळीबद्दल स्पष्ट सांगते. सिल्डेनाफिल नावाचं हे औषध छातीदुखीवर संशोधन चालू असताना हाती लागलं आणि १९९८ साली बाजारात आलं. औषध चांगलं आहे, हजारो जोडप्यांना त्याचा उपयोग होतो, आणि तुमच्या मिस्टरांनाही डॉक्टर कदाचित तेच देतील. पण ते इच्छा निर्माण करत नाही. ते फक्त दुसऱ्या पायरीवर हात देतं, तोही जवळीक सुरू झाली तरच. घेतल्यावर अर्धा-पाऊण तास जावा लागतो आणि मटणाचं ताट रिचवून वर घेतली तर आणखी उशीर. बऱ्याच जणांची ‘गोळीनंही काही झालं नाही’ ही तक्रार इथं उगम पावते. छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी जो घेतो, त्याच्या जिवावर मात्र हे बेतू शकतं, कारण दोन्ही मिळून ब्लडप्रेशर धाडकन खाली येतं. म्हणून आधी तपासणी, मग चिठ्ठी, मग गोळी. आणि चूर्ण टाकून द्या. ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत हीच औषधं गुपचूप मिसळलेली सापडली आहेत. किती मिसळलीत ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अशा शक्तिवर्धक औषधांची जाहिरात करणं १९५४च्या कायद्यानं गुन्हा आहे. भिंती आणि एसटी स्टँडच्या मुताऱ्या रंगवणाऱ्यांनी तो कायदा वाचलेला नाही.

आता ‘हातानं केलेल्या चुका’. कोल्हापुरात वाढलेल्या पोराच्या मनात ही भीती कुठून येते ते मला माहीत आहे. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत जा; पहाटेची मेहनत, खुराक आणि लंगोटाचा पक्का, हे तिन्ही वस्ताद एका दमात सांगतात. पोराचं लक्ष मातीवर राहावं म्हणून ती शिस्त असते आणि तिचा मला आदर आहे. पण ‘रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब’ हा हिशेब शरीरात कुठंच नाही. एका वेळेला बाहेर पडतं ते साधारण दोन ते पाच मिलिलिटर, बहुतेक सगळं पुरस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) आणि शेजारच्या वीर्यकोशांतून आलेलं पाणी, साखर, प्रथिनं. ते पुन्हा तयार होतं. त्याचा रक्ताशी, ताकदीशी, पंचवीस वर्षांनंतरच्या ताठरतेशी काही संबंध नाही. ही धातू गेल्याची भीती आपल्याकडं इतकी पसरलेली आहे की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० साली तिला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून आपल्या मासिकातून हस्तमैथुनाची भीती खोटी आहे हे मराठीत लिहीत होते. वाचकांच्या अशाच प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. तुमच्या मिस्टरांच्या आजोबांच्या काळात सांगून झालेली गोष्ट अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या, बाकीचा नाही दिलात तरी चालेल.

आता तुमची ओळ. ‘मला आधीपासूनच फारसं काही वाटत नाही, कधी दुखतंही, पण बायकांचं तसंच असतं ना.’

नाही ताई. बायकांचं तसंच नसतं. तसं असण्याची आपल्याला सवय झालेली असते.

यात तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीत बांधल्या आहेत. पहिली, ‘काही वाटत नाही’. दिवसभर घर, मुलांचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या, आणि रात्री अकराला आपोआप इच्छा उमलावी ही अपेक्षाच मुळात पुरुषांच्या मापानं काढलेली आहे. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं की किती तरी स्त्रियांत, विशेषतः बऱ्याच वर्षांच्या नात्यात, पायऱ्यांचा क्रम सरळ नसतो. इच्छा आधी येत नाही. आधी आपलेपणा, चांगला स्पर्श, पुरेसा वेळ. त्यातून शरीर जागं होतं. आणि मग मागून इच्छा येते. अशा बाईला ‘थंड’ म्हणणं हा अन्याय आहे. तुमच्या बाबतीत मला विचारायचं आहे ते हे : सुरुवात होते आणि मुख्य संबंध होतो, यात किती मिनिटं जातात? आणि त्या मिनिटांत तुम्हाला काय आवडतं हे तुम्हाला कुणी कधी विचारलंय का? स्त्रीच्या सुखाचं मुख्य इंद्रिय म्हणजे योनीमुखाच्या वरच्या बाजूला असलेली शिश्निका. बाहेरून वाटाण्याएवढी दिसते, पण तिचा मोठा भाग आत पसरलेला आहे. तिची ही पूर्ण रचना ऑस्ट्रेलियाच्या डॉ. हेलन ओ’कॉनेल यांनी मांडली ती १९९८ साली, म्हणजे निळी गोळी आली त्याच वर्षी. गोळीचं नाव गल्लीतल्या पोरांनाही माहीत आहे. शिश्निकेचं नाव दोन मुलांच्या आईलाही ठाऊक नसतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. नुसत्या आतल्या संबंधातून अनेक स्त्रिया परमोच्च क्षणाला पोचत नाहीत. त्यांना बाहेरचा स्पर्श लागतो. हा दोष नाही, रचनाच तशी आहे.

दुसरी गोष्ट, दुखणं. ते सोसायचं नसतं, कधीच नाही. शरीर तयार होण्याआधी घाई झाली तर कोरडेपणानं दुखतं. जंतुसंसर्ग असेल, बाळंतपणाच्या टाक्यांचा व्रण असेल, गर्भाशयाच्या आजूबाजूला सूज असेल, तरीही दुखतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळी शरीर आधीच आवळून घेतं आणि मग आणखी दुखतं. यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा आणि ‘संबंधाच्या वेळी दुखतं’ एवढे तीन शब्द उच्चारा, पुढचं त्या विचारतील. तोवर औषधाच्या दुकानात पाण्याच्या पायावरचं वंगण जेल मिळतं ते वापरा. खोबरेल नको, निरोध वापरत असाल तर तेलानं तो फाटतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. या दोन्हींनी बाई इतकी थकते की इच्छेला जागाच उरत नाही.

आणि एक शक्यता तुमच्यापुढं ठेवते. तुम्हाला दुखतं तेव्हा तुम्ही बोलत नसाल, पण अंग चोरत असाल. ते त्यांना कळत असेल. आधीच धास्तावलेला माणूस त्याचा अर्थ ‘हिला मी नको’ असा लावतो, आणि इकडं तुम्ही त्यांच्या सैल पडण्याचा अर्थ ‘ह्यांना मी नको’ असा लावता. एकाच अंथरुणावर दोघंही एकच वाक्य मनात घेऊन पाठ फिरवून झोपताय.

म्हणून सरळ विचारू का गप्प बसू, याचं माझं उत्तर : विचारू नका, सांगा. ‘बाहेर कुणी आहे का’ हा प्रश्न टाकलात तर समोर फक्त संताप येईल, खरं असो वा नसो. आणि हे अंथरुणावर तर अजिबात नको. रविवारी संध्याकाळी सासूबाईंकडं मुलं ठेवून रंकाळ्यावर जा, नाही तर गाडीवरून पन्हाळ्याला जा. शेजारी शेजारी चालताना जे बोलता येतं ते समोरासमोर बसून येत नाही. सुरुवात स्वतःपासून करा : ‘अहो, मला कधी कधी दुखतं, मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी डॉक्टरकडं जाणार आहे. तुमच्या शुगरचंही बघू, दोघं मिळूनच जाऊ.’ एवढंच. उत्तर त्याच दिवशी यायला हवं असा हट्ट नको. ते गप्प राहिले तर राहू दे, पंधरा दिवसांनी पुन्हा काढा.

बोलणं सुरू झालं की एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे, तीही मास्टर्स-जॉन्सन यांनीच १९७० साली दिलेली. दोन-तीन आठवडे संबंध करायचाच नाही, असं दोघांनी ठरवून टाकायचं. त्या काळात नुसता स्पर्श : हात, पाठ, डोकं, पाय. सुरुवातीला छाती आणि खालचा भाग वगळून, नंतर तोही धरून, पण पुढं जायचं नाही. एकानं स्पर्श करायचा, दुसऱ्यानं काय बरं वाटतंय ते सांगायचं, मग अदलाबदल. परीक्षाच रद्द झाली की धास्ती उतरते. मधेच ताठरता आली आणि गेली तर जाऊ द्यायची, ती परत येते हे बघण्यासाठीच हा सराव आहे. दोन खोल्यांत हे कसं जमणार, असं तुम्ही म्हणाल. रात्रच असली पाहिजे असं कुठं आहे? वर्कशॉपची सुट्टी, मुलं शाळेत, सासूबाई देवीच्या दर्शनाला गेलेल्या, असा दुपारचा तास महिन्यातून तीन-चार वेळा निघतो. दाराला कडी घालायला लाजू नका. तुमचं लग्न झालेलं आहे.

डॉक्टरांचं म्हणाल तर आधी तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडं. उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल, आणि सकाळच्या वेळी दिलेल्या रक्तातून टेस्टोस्टेरॉन. ब्लडप्रेशरच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही ताठरता किंवा इच्छा कमी होते, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, मात्र स्वतःच्या मनानं कुठलीही बंद करू नका. पुढं गरज लागली तर मूत्ररोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ. मानसोपचाराचं नाव काढल्यावर ते बिथरले तर १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर फुकट आणि नाव न सांगता मराठीत बोलता येतं, वर्कशॉपच्या मागच्या बाजूला उभं राहूनसुद्धा. खर्चाची अडचण असेल तर आपलं सीपीआर, सरकारी रुग्णालय आहे.

तिथं खिडकीपाशी गेलात की केसपेपर दोन काढा. एक त्यांच्या नावाचा, एक तुमच्या.